लीआची बाजू

दुपारची झाकपाक झाली, ओटा पुसून झाला, की घटकाभर आडवं व्हावं आणि हाताशी एखादी गोष्ट असावी, ही हौस आपल्यापैकी पुष्कळजणींना असते. मलाही आहे. गेली दोन-चार वर्षं या दुपारच्या वेळात मी एका निराळ्याच जातीच्या गोष्टी वाचते आहे. भाचीने नाद लावला. आहेत इंग्रजी, पण भाषा सोपी. शब्द अडला तरी गोष्ट अडत नाही. यातला नायक माणूसही असतो आणि लांडगाही! म्हणजे बघा, चारचौघांसारखा उंचापुरा तरुण. पण वेळ आली की अंगावर केस फुटतात, हातांचे पंजे होतात आणि स्वारी रानात धावत सुटते. कुठे तो बिबट्या असतो, कुठे अस्वल. पण मान लांडग्याचा मोठा.

हसू नका हं! १९७६ सालचा ‘नागिन’ आणि १९८६ सालचा ‘नगीना’ आपल्यातल्या कितीजणींनी डोळे विस्फारून पाहिलाय! इच्छाधारी नागीण चालते, मग इच्छाधारी लांडग्याने काय घोडं मारलंय?

या गोष्टी बायकांना का आवडतात, ते मला पहिल्याच पुस्तकात कळलं. या लांडग्याचं तिच्याकडे लक्ष असतं. ती शेजारच्या खोलीत नुसती उदास बसली, तरी त्याला वासावरून कळतं. आपल्याकडे नवे पडदे लावून आठ दिवस होतात, तेव्हा कुठे, “अगं, हे कधी आणलंस?” असा प्रश्न येतो. तेव्हा अशा नायकाची भूल पडली, तर त्यात नवल नाही. शिवाय या गोष्टींत त्याच्यासाठी जगात एकच बाई ठरलेली असते. ती दिसली की संपलं. मग दुसरीकडे बघणं नाही, कंटाळणं नाही.

हा नायक बहुतेक वेळा कळपाचा म्होरक्या असतो. त्याला ‘अल्फा’ म्हणतात. अल्फा बोलला की बाकीच्यांनी मान खाली घालायची. हा दाब हळूहळू नायिकेपर्यंतही पोचतो. तिने कुठे जायचं, कुणाशी बोलायचं, हे तो ठरवतो. दुसऱ्या पुरुषाने तिच्याकडे पाहिलं की गुरगुरतो. हे सगळं प्रेम म्हणून खपतं, कारण काय करणार, त्याचा स्वभावच जनावराचा!

इथे मी वाचता वाचता थांबते. मनात दोन प्रश्न येतात. असा नायक कुणाला फसवतो तेव्हा गोष्ट कुणाची बाजू घेते? आणि तो दाब दाखवतो तेव्हा गोष्ट त्याला काय नाव देते? याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. या जातीतली सर्वांत जास्त वाचली गेलेली पुस्तकं घेऊ.

ती ‘ट्वायलाइट’ची चार पुस्तकं. पहिलं २००५ साली आलं, चौथं २००८ साली. जगभर त्यांच्या दहा कोटींहून जास्त प्रती गेल्या. लेखिका स्टेफनी मेयर ही अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातली, तीन मुलांची आई. जून २००३ मध्ये तिला एक स्वप्न पडलं आणि मुलांचं सगळं सांभाळून तिने ते लिहून काढायला घेतलं. (आपल्यापैकी कितीजणींची स्वप्नं सकाळच्या दुधाबरोबर उतू जातात!) मुख्य गोष्ट बेला नावाच्या मुलीची आणि एका रक्तपिपासू घराण्यातल्या मुलाची आहे. तिला जोडून आहे लांडग्यांची गोष्ट, आणि मला सांगायचं आहे ते त्या लांडग्यांबद्दल.

वॉशिंग्टन राज्याच्या समुद्रकाठी ला पुश नावाचं गाव आहे. तिथे क्विल्यूट नावाचे आदिवासी लोक राहतात. गाव खरं आणि लोकही खरे. आपले पूर्वज लांडगे होते आणि लांडग्यांची माणसं झाली, अशी त्यांची जुनी कथाही खरी आहे. मेयरबाईंनी ती कथा उचलली आणि त्यात स्वतःची एक भर घातली. तिला इंग्रजीत ‘इम्प्रिंट’ म्हणतात. आपण ठसा म्हणू. लांडगा झालेल्या तरुणाने एखाद्या मुलीकडे पाहिलं आणि मनावर ठसा उमटला, की तो जन्माचा तिचा. त्याच्या हातात काही राहत नाही.

हा शब्द मुळात आला पक्ष्यांवरून. कोनराड लॉरेंझ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९३५ साली त्यावर लिहिलं. अंड्यातून निघालेलं हंसाचं पिल्लू पहिल्यांदा जे हलताना दिसेल त्याच्यामागे चालायला लागतं. आई असो की लॉरेंझसाहेब, पिल्लाला काय! पिल्लाच्या बाबतीत हे ठीक आहे. पण चांगल्या कर्त्या पुरुषाच्या बाबतीत हेच मान्य केलं की काय होतं, ते आता बघा.

सॅम हा त्या गावातला तरुण आणि लीआ ही गावातलीच मुलगी. शाळेत असल्यापासून दोघांचं प्रेम, लग्नापर्यंत जाईल असं. मग सॅम पहिल्यांदा लांडगा होतो. हे गुपित असल्यामुळे तो लीआला काहीच सांगू शकत नाही. ती काळजीने झुरते. पुढे एक दिवस लीआची बहीण एमिली तिला भेटायला येते. नात्याने लांबची, पण सख्खीसारखी. सॅम एमिलीला बघतो आणि त्याच्या मनावर ठसा उमटतो. झालं! लीआ बाजूला पडते.

एमिली आधी चिडते. बहिणीचं प्रेम मोडणारा हा कोण, म्हणून त्याला झिडकारते. आणि एकदा सॅमचा तोल सुटतो. रागाच्या भरात क्षणभर तो लांडगा होतो आणि जवळ उभ्या असलेल्या एमिलीला पंजा लागतो. तिच्या चेहऱ्यावर एका बाजूने कायमचे ओरखडे राहतात. मग तो इतका कोसळतो, स्वतःचा इतका तिरस्कार करायला लागतो, की शेवटी तीच त्याची समजूत काढायला लागते. तिथून त्यांचं प्रेम जुळतं. गावाला काय सांगायचं? तर एमिलीवर अस्वलाने हल्ला केला!

मैत्रिणींनो, हे वाचताना तुम्हाला काही ओळखीचं वाटलं का? मला वाटलं. आपल्याकडे अस्वलं नसतात. आपल्याकडे न्हाणीघरात पाय घसरतो, कपाटाचं दार लागतं. आणि मग ज्याने मारलं तो मुसमुसत बसलेला, आणि जिला लागलं ती त्याला पाणी देते आहे, हेही आपण पाहिलं-ऐकलं आहे. पुस्तकात हा प्रसंग फार हळुवार लिहिला आहे. वाचणाऱ्याला सॅमची दया येते. एमिलीने ठरवून क्षमा केली असेल, तर तिच्या मनात आपण शिरायला नको. पण गोष्ट एवढंही विचारत नाही, की पुन्हा असं होऊ नये म्हणून सॅमने काय केलं? पश्चात्ताप झाला, हे ठीक. पण राग आला की चार पावलं लांब जायला तो शिकला का?

लीआचं पुढचं ऐका. तिच्या वडिलांना हृदयविकाराचा झटका येतो आणि ते जातात. त्याच सुमारास तीही लांडगा होते. सगळ्या कळपात एकटी बाई. त्या कळपाचा म्होरक्या कोण? सॅम! त्याचा हुकूम मोडायचा म्हटला तरी मोडता येत नाही, अशी त्यांची घडण. शिवाय लांडगा झाल्यावर प्रत्येकाच्या मनातलं प्रत्येकाला ऐकू येतं. म्हणजे ज्याने सोडलं, त्याच्या मनात दिवसभर चाललेलं एमिलीचं कौतुक लीआने ऐकायचं, आणि वर त्याच्याच आज्ञेत राहायचं. त्यात तिच्या शरीराचं चक्रही थांबलेलं. आपल्याला आता मूलबाळ होणारच नाही, अशी धास्ती विसाव्या वर्षी तिच्या मनात बसते. आणि सॅम-एमिलीच्या लग्नात तिने काय व्हायचं ठरलेलं असतं, माहीत आहे? करवली!

एवढं सोसून ती टोचून बोलते, म्हणून कळपातली सगळी पोरं तिला वैतागतात. सॅमवर कुणी वैतागत नाही. त्याचा दोषच नाही ना, त्याच्यावर ठसा उमटला! हीच सबब पुढे लांबते. या पोरांपैकी एकाचा ठसा उमटतो दोन वर्षांच्या मुलीवर आणि एकाचा तर नुकत्याच जन्मलेल्या बाळावर. मोठी होईपर्यंत तो भावासारखा सांभाळेल, असा खुलासा पुस्तकात आहे. तरी वाचणारीच्या पोटात कालवतंच.

भाची मला म्हणाली होती, “मावशी, ही लीआ किती कटकटी आहे गं! बाकी सगळे एवढे छान आहेत आणि ही सारखी घालूनपाडून बोलते.”

मी तिला आमच्या नात्यातली एक हकिकत सांगितली, ती तुम्हालाही सांगते. नाव-गाव सांगत नाही. माझ्या माहेरच्या नात्यातली मुलगी. तिचा साखरपुडा झाला होता. पुढे एका मुंजीत नवऱ्यामुलाने तिच्या मावसबहिणीला पाहिलं, आणि महिन्याभरात निरोप आला, की मुलाचं मन तिकडे वळलंय. घरात दोन दिवस रडारड झाली. मग मोठी माणसं म्हणाली, “लग्नाच्या गाठी वर बांधलेल्या असतात, आपल्या हातात काय आहे? आणि घरातल्या घरातच राहिलं ना!” तारीख तीच ठेवली. आणि लोकांनी बोलू नये, सगळं गोडीत झालं असं दिसावं, म्हणून हिलाच करवली केलं. नवरीमागे हातात करा घेऊन ही उभी. मी तेव्हा परकर-पोलक्यातली होते. ती कुणाशी बोलत नव्हती, एवढंच मला आठवतं.

नंतर वर्षानुवर्षं तिने कुठे तोंड उघडलं, की बायका म्हणायच्या, “तिचं मनावर घेऊ नका, ती कडवट झालीय.” माझं लग्न झाल्यानंतर एकदा आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो, तेव्हा ती आपण होऊन म्हणाली, “मोडलं त्याचं दुःख भरून आलं असतं गं. मला करवली केलं, ते नाही भरून आलं. एकानेही विचारलं नाही, की तुला चालेल का?”

भाची जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “पण मावशी, मन बदललं तर तो तरी काय करणार?”

प्रश्न बरोबर आहे. मन कुणाच्या हातात नसतं, हे मी मान्य करते. पण वागणं हातात असतं. आपलं मन दुसरीकडे गेलं हे समोर येऊन सांगणं, तिचे चार शब्द ऐकून घेणं, काही दिवस तिच्या वाटेत न येणं, तिला आपल्या कार्यात न ओढणं, यातलं कोणतं काम ठसा उमटल्यामुळे होत नाही? ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण आपण फार सैल हाताने वापरतो. घरातल्या पुरुषाचा राग हा स्वभाव ठरतो आणि बाईचा राग मात्र खोड ठरते.

आता दाबाबद्दल. अल्फा म्हणजे निसर्गाचाच नियम, असं या गोष्टी गृहीत धरतात. ही समजूत आली कुठून, ते बघण्यासारखं आहे. रुडॉल्फ शेंकेल नावाच्या अभ्यासकाने स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण करून १९४७ साली लिहिलं, की लांडगे आपसात लढतात आणि जिंकणारा सगळ्यांवर सत्ता गाजवतो. डेव्हिड मेक या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९७० सालच्या पुस्तकाने ही कल्पना सगळीकडे पोचवली. पण याच मेकने पुढे कॅनडाच्या उत्तर टोकाला, एल्समिअर बेटावर, कित्येक उन्हाळे रानातल्या लांडग्यांजवळ काढले. १९९९ साली त्याने लिहिलं, की रानातला कळप म्हणजे साधं कुटुंब: आई, बाप आणि त्यांची लहान-मोठी पिल्लं. पुढारीपण आई-बापांचं, कारण ते आई-बाप असतात म्हणून. पिल्लं मोठी झाली की आपला जोडीदार शोधायला निघून जातात. आपलं आधीचं पुस्तक पुन्हा छापू नका, असं मेकने स्वतः प्रकाशकांना सांगितलं.

रेल्वेच्या डब्यात कोंडलेल्या अनोळखी माणसांची जागेवरून चाललेली भांडणं बघून कुणी ‘मराठी कुटुंब’ या विषयावर ग्रंथ लिहावा, तसं ते झालं होतं! आपल्याकडे पुणे-सोलापूरच्या माळरानांवर लांडगे आहेत, तेही असेच कुटुंब करून राहतात. तेव्हा घरात गुरगुरणाऱ्या पुरुषाने निदान लांडग्याचं नाव पुढे करू नये. लांडगा बिचारा पिल्लांसाठी पोटातून खाऊ आणतो.

या जातीच्या सगळ्याच गोष्टी अशा आहेत, असं मात्र नाही. पॅट्रिशिया ब्रिग्ज या लेखिकेची ॲना नावाची नायिका आहे. शिकागोच्या एका कळपाने तिला तिच्या मनाविरुद्ध लांडगा केलेलं असतं आणि तीन वर्षं तिचे हाल केलेले असतात. तिथे चार्ल्स नावाचा बलदंड नायक येतो. पण लेखिका त्या हालांना हालच म्हणते. त्यांना प्रेमाचं गोंडस नाव देत नाही. ॲनाची भीती चार्ल्सच्या एका मिठीने पळत नाही. तिला वेळ लागतो, आणि तो तिला वेळ देतो. शिवाय ॲनावर कुठल्याच अल्फाच्या हुकमाची सक्ती चालत नाही. म्हणजे लांडगा असूनही गोष्ट सरळ सांगता येते!

आणि आपल्या अंगणातली तुळस आठवा. कार्तिकात आपण तिचं लग्न लावतो, ऊस-चिंचा-आवळे मांडतो. तिच्या कथेतही रूप बदलणाराच आहे. विष्णूने जालंदराचं रूप घेतलं आणि वृंदेला फसवलं. कारण मोठं होतं, देवांचं संकट होतं. पण फसवणूक ती फसवणूकच. वृंदेने प्रत्यक्ष देवाला शाप दिला. आणि देवाने तो घेतला. तुझा स्वभावच कडवट, असं तो म्हणाला नाही. नशिबावर ढकललं नाही. शाळिग्राम दगड का, तर वृंदेच्या शापाने, असं आपल्या घरातल्या म्हाताऱ्या सांगत आल्या. त्या लग्नाबद्दलही मनात प्रश्न येतातच, पण फसलेल्या बाईच्या रागाला तिथे जागा आहे. तिचा शब्द खाली पडत नाही. लीआच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. हं, चौथ्या पुस्तकात ती सॅमचा कळप सोडून दुसऱ्या कळपात जाते आणि जरा मोकळा श्वास घेते. सगळ्या गोष्टीत मला तेवढी पानं सर्वांत आवडली.

मुलींच्या हातातून ही पुस्तकं काढून घ्या, असं मी मुळीच म्हणणार नाही. काढून घेतली तर पांघरुणात फोन धरून वाचतील, आणि डोळे बिघडतील ते निराळंच. त्यापेक्षा एखादं आपणही वाचावं आणि भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना सहज बोलावं. त्याने माफी मागितली. मग पुढच्या वेळी वेगळं वागला का? तिच्या अंगावरचा वण झाकायला अस्वलाची गोष्ट कुणी रचली? तिला ‘नाही’ म्हणता येतं का, आणि म्हणाली तर काय होतं? एवढे तीन प्रश्न मुलीच्या कानांवर पडले, की पुढची गोष्ट ती आपली आपण तपासून वाचते. भाचीने परवा फोनवर सांगितलं, की तिने एक पुस्तक अर्ध्यात सोडलं. नायक नायिकेचा फोन लपवतो आणि ती लाजते, म्हणून!

नायकावर भाळणं चालू राहू द्या, त्यात काही बिघडत नाही. पण तुमच्या नात्यात, आळीत एखादी लीआ असेल, तर कार्याच्या याद्या करताना, कामं वाटताना, तिचं नाव कुठे लिहिण्याआधी तिला एकदा बाजूला घेऊन विचारा, “तुला चालेल का गं?” ती नाही म्हणाली, तर करा दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या. लग्नघरात मुलींची काही वाण नसते.